जाड झालेला आवाज

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरखेडला भाऊबीजेची पिशवी भरत होते. आठ दिवस आधीच पिशवी भरते, यावरून तो मला नेहमी चिडवायचा. फोनवर माझी भाची मेघा नुसती रडत होती. भरलेली पिशवी तशीच उचलून मी पांढरकवड्याला निघाले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आयुष्यभर तहसिलीत कारकुनी केलेला, हळू बोलणारा माणूस. गेल्या वर्षी वहिनी गेली आणि तो आणखीच गप्प झाला. तिचा आवाज म्हणून उरला होता तो मेघाच्या मोबाइलमध्ये रेकॉर्ड होऊन राहिलेला एकच फोन. त्यात वहिनी लेकीला कैरीचं लोणचं सांगते. मेघाने तो पेनड्राइव्हवर घालून दिला, आणि दादा आपल्या जुन्या गाडीत वहिनीला ऐकत हिंडू लागला. पण गाडीचे स्पीकर फाटलेले. वहिनी ‘मोहरी’ म्हणाली की गाडीच्या दारातून नुसती फरफर! म्हणून उन्हाळ्यात मी गेले तेव्हा आम्ही दोघं नवे स्पीकर घ्यायला निघालो.

हायवेवरचं ते दुकान मुख्यतः ट्रकवाल्यांचं. दुकानदाराने फळीवरच्या जोड्या दणदणीत गाण्यावर वाजवून दाखवल्या. दादाने खिशातून पेनड्राइव्ह काढला. “याच्यावर दाखवा.” आणि भर दुकानात वहिनी बोलू लागली, “कैऱ्या कोरड्या फडक्यानं पुसून घे, नाहीतर बुरशी येते...” दोन ड्रायव्हर फिसकन हसले. दादा डोळे मिटून ऐकत होता. तेवढंच वाक्य, एका जोडीवर, मग दुसरीवर, मग परत पहिलीवर. तास गेला. मला लाज वाटत होती, शिवाय परतीची बस चुकणार म्हणून राग आला होता. मी म्हणाले, “दादा, लोणचंच त ऐकाचं हाय. कोनतेबी घे ना!”

त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. “बरं, तू म्हनतं त हेच घेऊ.” समोर होती ती मोठी जोडी त्याने घेतली. माझं ते बोलणं आता मलाच सोसत नाही.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. “आवाज तिचाच हाय पोरी, पन जाड झाला. दुसऱ्या कोनाचा वाटते.” एकटाच जाऊन बदलून आण म्हटलं तर म्हणाला, “तुले बी तिचा आवाज माहीत हाय. दोघं मिळून ऐकू.” मी म्हणाले, भाऊबीजेला येते तेव्हा...

तेरवी झाल्यावर मेघा आणि मी तीच गाडी घेऊन त्या दुकानात गेलो. दादाने परत परत मागून ऐकलेली लहान जोडी दुकानदाराच्या लक्षात होती. त्याने ती दारांत बसवून दिली. मी दादाच्या सीटवर बसले, मेघा शेजारी. वहिनी बोलू लागली. बारीक, थोडी घाईतली, अगदी तशीच. मला रडू आवरेना. मिठापाशी ती जराशी थांबली, तेव्हा मागून, बहुधा ओसरीवरून, कोणीतरी म्हणालं, “खडे मीठ सांग तिले, खडे!” मेघाने माझा हात घट्ट धरला. “बाबा!” मोबाइलच्या बारक्या आवाजात किंवा मोठ्या स्पीकरच्या घुमण्यात हे कधी ऐकूच आलं नव्हतं, आणि त्या दिवशी दुकानात मी दादाला इथवर ऐकू दिलं नव्हतं.

दुकानदार काचेतून वाकला. “ताई, आवाज बारीक येऊन राह्यला. बेस वाढवून देऊ का?”

“नको भाऊ,” मी म्हणाले. “दोघंही ऐकू येऊन राह्यले.”