आमच्या वाचनालयातला एकच कम्प्युटर

चामोर्शीच्या अलीकडे आमचं सार्वजनिक वाचनालय. मी तिथली ग्रंथपाल. पूर्वी इथे लोक पेपर वाचायचे, डुलक्या काढायचे, बस्स! मग ऑनलाइन शब्दकोश, विश्वकोश, कोर्सेस बघायला कम्प्युटर आला आणि किस्सेच किस्से! मी हसवायला म्हणून सांगायला घेते, पण शेवटपर्यंत कुणी हसत राहत नाही.

*

एटापल्लीकडचे मडावी गुरुजी आता रिटायर झालेत. म्हणाले, "बाई, यात सगळे शब्द असतात म्हणे. आमच्या गोंडीचा एखादा पाहा बरं."

मी आधी 'गोंडी'च टाकलं. स्क्रीनवर आलं, 'आपल्याला गुंडी म्हणायचे आहे का?'

गुरुजींचा हात नकळत शर्टाच्या गुंडीवर गेला. मग म्हणाले, "नाई म्हणा त्याले!"

*

टेलर रफीकभाईंची शबाना नर्सिंगच्या परीक्षेसाठी व्हिडिओ लेक्चर बघायला यायची. नेट गेलं की शिकवणारे सर तोंड उघडं ठेवूनच अडकायचे. एकदा तब्बल तासभर! मी म्हटलं, "घरी जा गं आता."

"कशी जाऊ मॅडम? उत्तर त्यांच्या तोंडातच आहे!"

त्या दिवशी ते उत्तर काही बाहेर आलं नाही.

*

नामदेवभाऊंच्या धानावर रोग पडला. त्यावरचा ऑनलाइन कोर्स होता, पण लॉगिनला ओटीपी लागायचा, आणि मोबाईलला रेंज फक्त गच्चीवर! भाऊ वर पळायचे, आकडे घोकत खाली यायचे, तोवर ओटीपी बाद. चार दिवस हेच.

पाचव्या दिवशी लॉगिन झालं. मी आनंदाने हाक मारली, "भाऊ, या!"

भाऊ दारातच थांबले. "धान तं गेला, बाई. आता काय शिकू?"

*

शेवंताबाईंच्या नवऱ्याला मोहफुलं वेचताना वाघानं नेलं, त्याला सहा वर्षं झाली. त्या वाचनालयात कधी आल्या नव्हत्या. एका दुपारी चपला बाहेर काढून आत आल्या.

"बाई, वाघ किती वर्सं जगते, पाहून सांगता का?"

मी विश्वकोश उघडून वाचलं, "जंगलात दहा-बारा वर्षं. क्वचित पंधरा."

त्यांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

"म्हणजे जिता असन," त्या म्हणाल्या. "तवा तं वाघ जवानच होता म्हणे. आता म्हातारा झाला असन."

मी कम्प्युटर बंद करायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांबा नं बाई. आता त्याले शिकार जमत असन का, थे पाहा."