गोधडीचं पोट

चार बायका गोधडी शिवायला बसल्या की चिंध्यांबरोबर किस्सेही साठत जातात. चिंध्या मी धुऊन, घड्या घालून ट्रंकेत ठेवते. किस्से त्याच संध्याकाळी लिहून काढते, कारण दुसऱ्या दिवशी त्याच बायका तोच किस्सा वेगळा सांगतात आणि वर मलाच म्हणतात, "वैनी, तुमाला नीट आठवत नाय."

खालापूरला आमच्या पडवीत दुपारी ही बैठक भरते. रखमामावशी सगळ्यांत वडील. त्यांची नजर आता जवळजवळ गेलीय. दोरा शेजारची शेवंता ओवून देते, टाके मात्र मावशी बोटांनी चाचपत घालतात, आणि ते आमच्यापेक्षा सरळ पडतात असं शेवंता म्हणते. मुंबईच्या एका संग्रहालयानं त्यांच्याकडं गोधडी मागितली तेव्हा मावशी म्हणाल्या, "देते. पण ही शेवटची. मंग सुई तुमी सांभाळा."

मावशींची रीत ठरलेली. टाका कडेनं सुरू होतो आणि फिरत फिरत आत येतो. मध्यभागी तळहाताएवढी जागा उरते, ते गोधडीचं पोट. ते शिवून टाकण्याआधी आत चिमूटभर तांदूळ घालायचे, तेही जेवलेल्या हातानं. उपाशी गोधडीत कुणाला झोप लागत नाही.

*

एकदा एक गोधडी पोटापर्यंत आली ती नेमकी संकष्टीला. दुसऱ्या दिवशी नेरळला बारसं, आणि पडवीत सगळ्या उपाशी.

"साबुदाण्याची खिचडी खाल्लीय मी," शेवंता म्हणाली.

"खिचडी म्हंजे काय जेवण हाय का?" मावशी.

तेवढ्यात आमचे हे बाहेरून आले. शेवंतानं त्यांना दारातच अडवलं. "भाऊजी, काय खाऊन आलात?"

ह्यांना साखरेचा त्रास, बाहेरचं खायला मनाई. माझ्याकडं बघत म्हणाले, "काही नाही. चहासुद्धा नाही."

"मग व्हा आत. काय खाल्लं असतं तर काम होतं."

कसलं काम ते ऐकल्यावर ह्यांनी मान खाली घातली. "दोन वडापाव. स्टँडवर."

ह्यांच्याच हातानं तांदूळ घातले गेले. मावशी म्हणाल्या, "पोरगं मोठं झालं की वडापाव मागंल बघा."

नेरळचं ते पोरगं आता बोलायला लागलंय. काय मागतं ते मी इथं लिहीत नाही.

*

संग्रहालयाकडून तन्वी नावाची मुलगी यायची. हुशार, आणि हाताला सतत सॅनिटायझर लावणारी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मावशी, हे आपलं हेरिटेज आहे. ते जपलं पाहिजे."

शेवंतानं सुई थांबवली. "हेरिटेज म्हंजे टोलनाक्याजवळचा रिसॉर्ट ना? माझी भावजय भांडी घासते तिथं. जपायला दोन वॉचमन हायत."

तन्वी हसली. म्हणाली, "हेरिटेज म्हणजे वारसा."

"वारस हायत की," शेवंता म्हणाली. "पण त्यांना डबलबेडचं ब्लँकेट पायजे."

*

कर्जतचे एक फार्महाउसवाले आले होते. प्रत्येक खोलीत एक, अशा गोधड्या हव्यात, म्हणाले. पण सगळ्या अगदी एकसारख्या.

"मंग गोधड्या कशाला," शेवंता म्हणाली, "बँडवाल्यांचे कोट शिवून देतो."

ते पुन्हा आले नाहीत.

*

संग्रहालयाची गोधडी अर्ध्यावर आली होती. तन्वी एकेका तुकड्याची नोंद करत होती. मधोमध एक निळ्या पट्ट्यांचा तुकडा होता, त्यावर ती थांबली. "मावशी, निळा मध्येच का? या रंगाला काही अर्थ असतो?"

मावशींनी तुकड्यावरून बोट फिरवलं. "आमच्या मालकांचा लेंगा हाय."

"पण मध्येच का?"

"कडंला झोपायचे आणि झोपंत खाली पडायचे. जल्मभर. आता मधी घेतलंय."

तन्वीनं काहीतरी लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा तेच लिहिलं.

*

आता पोट तेवढं राहिलं होतं. तन्वी बराच वेळ चुळबुळत होती. शेवटी म्हणाली, "मावशी, यात तांदूळ नाही घालता येणार. दाण्याला किडे लागतात. बाकीचं जुनं कापडही खातील. ही काचेच्या कपाटात राहणार."

"कुणी पांघरणार नाय?"

"नाही. हातसुद्धा नाही लावायचा कुणी."

"बरं," मावशी म्हणाल्या. दोरा बोटात तसाच राहिला.

तन्वी गेल्यावर शेवंता म्हणाली, "गुपचूप घालू चार दाणे. काचंतनं कुणाला दिसतंय?"

"पोरीच्या नोकरीवर येईल," मावशी म्हणाल्या. "आणि मी तिला हो म्हटलंय."

नंतर कितीतरी दिवस गोधडी पोट उघडं टाकून माझ्या ट्रंकेवर पडून होती. रोज दुपारी मावशी यायच्या, मांडीवर घ्यायच्या, मधली जागा चाचपायच्या, आणि घडी करून परत ठेवायच्या. शेवटची गोधडी, आणि ती उपाशी. वर तिच्यात कुणी झोपणारही नाही. शेवंतासुद्धा त्या दिवसांत टोमणे मारायची नाही.

*

न्यायचा दिवस उजाडला. तन्वी सकाळी येणार होती, ती आली दुपार कलल्यावर. घाटात टँकर उलटून एक्सप्रेसवे तुंबला होता. चेहरा पार उतरलेला.

"बाय, जेवलीस का?" मावशींनी विचारलं.

"राहू दे मावशी. गाडी थांबलीय."

"थांबू दे गाडीला."

मी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. नको नको म्हणत ती पोटभर जेवली. हात धुऊन भिंतीला टेकली आणि तिथंच डुलायला लागली.

"जरा आडवी हो," मावशी म्हणाल्या, आणि ती आडवी झाल्यावर चाचपत तिच्या अंगावर ती गोधडी घातली.

"मावशी, ही वापरायची ना..." एवढंच ती म्हणाली. वाक्य पुरं झालं नाही.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. शेवंता जाऊन त्याला सांगून आली, "बाई झोपल्यात. तूबी झोप." मग आम्ही कुणीच बोललो नाही. आमच्या पडवीत असं कधी होत नाही. मावशी तिच्या उशाशी बसून होत्या, श्वास ऐकत.

तन्वी दचकून उठली तेव्हा ऊन अंगणाच्या टोकाला गेलं होतं. मावशींनी गोधडी लगेच ओढून मांडीवर घेतली, मधल्या जागेवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "शेवंता, दोरा ओव. गार व्हायच्या आत."

पोट शिवून झालं. शेवटची गाठ मारायला त्यांनी सुई शेवंताच्या हातात दिली.

गाडीत बसताना गोधडी छातीशी धरून तन्वीनं हळूच विचारलं, "मावशी, खरं सांगा. आत काही घातलं नाहीत ना?"

"दाणा नाय घातला गं," मावशी म्हणाल्या. "तुझी झोप घातली."