एक सूत कमी

२०१६ साली मी बासष्ट वर्षांचा होतो आणि रोज संध्याकाळी एका माणसाचा मार खात होतो. मार पाठीवर पडायचा, पंजा उघडा ठेवून, चार वेळा. पहिला हलका, दुसरा जोरात, तिसरा हलका, चौथा जोरात. "दोन अन् चारवर मोठा," मास्तर म्हणायचे. "कानानं नाई समजत तुले. पाठीनं समज."

आमच्या सावली गावात त्यांना सगळे मास्तरच म्हणत. बारा माणसांचा त्यांचा लग्नाचा बँड होता. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, मोठे भोंगे, ढोल. तुम्ही असे बँड बघितले असतील. पण बँडच्या मध्ये खुर्ची टाकून गिटार घेऊन बसलेला माणूस तुम्ही बघितला नसेल. आमच्याकडे तो होता. मास्तर तरुणपणी रेल्वेच्या क्लबात सोळा माणसांच्या नाचाच्या बँडमध्ये गिटार वाजवत. तिथलं स्विंग, म्हणजे दोन अन् चारवर झुलणारा तो ठेका, त्यांनी पन्नास वर्षं डोक्यात धरून ठेवलं होतं. नवरदेवाच्या घोड्यापुढे वाजवतानाही त्यांना तेच पाहिजे असायचं. ढोलवाला नेहमीच्या ठेक्यात गेला की मास्तर त्याच्या पिंढरीवर लाथ मारायचे, लोकांसमोर.

मी त्या बँडमध्ये झांज वाजवायचो. दिवसा आरा मशीनवर लाकूड कापायचं आणि लग्नसराईत झांज. मशीनच्या पट्ट्यानं माझ्या डाव्या हाताची करंगळी नेली होती. रक्त पुसलं, फडकं बांधलं आणि तो ओंडका पूर्ण कापूनच मी दवाखान्यात गेलो. असा माझा स्वभाव.

त्या वर्षी मास्तरांच्या डाव्या अंगाला लकवा मारला. पाय थोडा सुधारला, हात गेला. पुढे धानोऱ्याचं एक लग्न होतं. मुलीच्या बापाला बँड मांडवात, स्टेजवर बसून पाहिजे होता. मास्तरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं.

"धानोऱ्याले स्विंग वाजन," ते म्हणाले. "नाई जमलं तर त्याच दिवशी बँड बंद. भोंगे भंगारात. गिटार कोन घेते?"

मी म्हटलं, "मी घेतो."

ट्रम्पेटवाला सुखदेव हसला. "भाऊ, तुमाले बोटं किती?"

"नऊ."

"अन् शाळा किती?"

"तिसरी. तुया थोबाडात माराले तेवढी पुरते."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी माझा डावा हात उचलला, करंगळीचा खुंट दाबून बघितला. "करंगळी नाई? बरं झालं. या कामात ते आगाऊपना करते."

हे खरं निघालं. गिटारला सहा तारा असतात. मास्तरांच्या वाजवण्यात जिवंत फक्त तीन. सगळ्यात जाड तार, मग एक सोडून पुढच्या दोन. बाकीच्या बोटाच्या बाजूनं दाबून मारून टाकायच्या. हात वरून खाली एकदाच, आणि ठोका पडताच बोटं सैल. "ठोक अन् सोड. ठोक अन् सोड. लांबवला तर मारीन." लांबवला की खरंच मारायचे. उजवा हात त्यांचा एकटा राहिला होता, पण दोन हातांचं बळ त्यात आलं होतं.

तीन तारांवर एकदम वाजणाऱ्या सुरांच्या गठ्ठ्यांना, म्हणजे कॉर्डना, इंग्रजी अक्षरांची नावं असतात. ती माझ्या डोक्यात राहीनात. मास्तरांनी मशीनवरची एक सागवानी फळी आणवली, तिच्यावर खडूनं बोटांच्या जागा काढल्या. नावं मी दिली. वासा, बल्ली, फळी, ओंडका. अशी अकरा नावं झाली. मास्तरांनी आधी शिवी दिली, मग तेच ओरडायला लागले. "वासा, वासा, बल्ली, फळी! ओंडका कुठी गेला बे?" रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, इथे लाकडाचा लिलाव चालू आहे.

घरी गेलो की बायको शर्ट वर करून पाठ बघायची. "या वयात मार खाऊन घरी येता, लाज नाई?"

"शिकून राह्यलो."

"ढोर बी असं नाई शिकत."

मास्तरांच्या गिटारच्या तारा फार उंच होत्या. तारांखाली लाकडाची एक पट्टी उभी असते, तिला घोडी म्हणतात. ती जितकी उंच, तितकी तार दाबायला कठीण. माझी बोटं रोज फाटायची. एके दिवशी गिटार घरी नेली आणि घोडी बघितली. चाळीस वर्षं लाकूड कापणाऱ्या माणसाला ते काम ओबडधोबड वाटलं. मी कानस घेतली आणि घोडी दोन सूत घासली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वरून पॉलिश मारलं. बोटं लोण्यासारखी चालायला लागली. मला वाटलं, मास्तर खुश होतील.

त्यांनी एक ठोका ऐकला. माझ्या हातातून गिटार काढून खाटेवर ठेवली. मग कोपऱ्यातली काठी घेतली.

खांद्यावर, मांडीवर, कानावर. "आवाज मारून टाकला माया! बारा भोंग्याखाली हे मच्छर ऐकू येईन? मले इचारलं काऊन नाई?" चौथ्या की पाचव्या फटक्याला मी काठी धरली. माझ्या हातात अजून ओंडका उलटवायचा जोर होता. मी काठी ओढली आणि त्यांना ढकललं. मास्तर दाराच्या चौकटीवर आपटले. ओठ फाटला, दाढीवरून रक्त उतरलं. मेलेला हात खाली लोंबत होता, आणि ते एकाच हातानं उठायचा प्रयत्न करत होते. मी त्यांना उठवलं नाही. निघून आलो. ते दार मला आजही दिसतं.

आठ दिवस मी गेलो नाही. माफी मागायची मला सवय नाही. नवव्या दिवशी धावड्याचा एक तुकडा शोधला. धावडा हे कुऱ्हाडीची धार मोडणारं लाकूड आहे. दोन दिवस घासून मी नवी घोडी केली, आधीच्यापेक्षा उंच, आणि मास्तरांच्या हातात नेऊन दिली.

त्यांनी ती नखानं वाजवली. वास घेतला. ओठावर खपली होती.

"एक सूत कमी," ते म्हणाले.

"बरोबर माप हाय."

"एक सूत कमी हाय म्हनतो ना."

"चाळीस वर्षं आऱ्यावर काढली मी मास्तर. मले माप शिकवू नका."

"बस. वासा लाव," ते म्हणाले, आणि पाठीवर पंजा पडला.

धानोऱ्याच्या मांडवात ऊन उतरल्यावर आम्ही स्टेजवर बसलो. बारा माणसं, मध्ये मी, माझ्या मागे खुर्चीवर मास्तर. नवरदेवाच्या दोस्तांनी डीजेचा ट्रक आणला होता. जेवणानंतर तासभर आमचं, मग त्यांचं, असं ठरलं होतं. दोन गाणी नीट झाली. मास्तर मागून ओरडत होते, "बल्ली! बल्ली! फळी!" आणि समोरच्या बाया एकमेकींकडे बघत होत्या.

तिसऱ्या गाण्यात डीजे सुरू झाला. मांडवाचे बांबू थरथरले. सुखदेव ट्रम्पेट ठेवून खाली गेला, हात जोडून बोलायला. एकानं त्याच्या तोंडावर बुक्का मारला. दुसऱ्यानं खुर्ची. सुखदेवच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर नाकातून धार लागली. क्लॅरिनेटवाला धावला, त्याच्या पाठीत लाथ बसली. मग खुर्च्या उडायलाच लागल्या. बँड थांबला.

मी उठलो. गिटार मानेला धरून दोन्ही हातांनी खांद्यावर घेतली. कुऱ्हाड घेतो तशी. समोर लाल शर्टातला एक जण होता आणि त्याच्या डोक्यात नेमकं कुठे हाणायचं ते मला दिसत होतं.

मागून कॉलर ओढली गेली. मी खुर्चीत आपटलो.

"बस बे! कुऱ्हाड होय का ते?"

"मास्तर, सोडा!"

"तू उठला तं बँड मेला. वासा लाव. वासा!"

आणि पाठीवर पंजा. एक, दोन, तीन, चार. असा मार मी जन्मात खाल्ला नव्हता. बरगड्या वाजत होत्या. मी वासा ठोकला. मग बल्ली. डीजेच्या आवाजात मलाच माझं ऐकू येत नव्हतं, फक्त पाठीला कळत होतं. ढोलवाल्यानं माझ्या हाताकडे बघून ढोलाची काठी उचलली. मग मोठा भोंगा. मग सॅक्सोफोन.

तेवढ्यात एक खुर्ची माझ्या डोक्यावर आली. लोखंडी होती. मास्तरांनी हात आडवा घातला. वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला.

ठोके थांबले. दोन मोजेपर्यंत थांबले असतील. मग पुन्हा सुरू झाले, पण वेगळे, कडक आणि टोकदार. मी मान वळवली. मास्तर कपाळानं माझ्या पाठीवर ठेका देत होते.

नवरीच्या आजीनं लुगड्याचा काष्टा खोचला, ट्रकजवळ गेली आणि केबल उपटली. एकदम सगळीकडे आमचाच बँड ऐकू आला. सुखदेव नाकात कापूस घालून स्टेजवर चढला आणि उभ्यानं वाजवायला लागला. मारामारी करणाऱ्यांचे पाय आधी थांबले, मग दोन अन् चारवर हलायला लागले. ते मी डोळ्यांनी बघितलं. गाणं पूर्ण झालं. बँड बंद झाला नाही.

गाडीत मास्तरांचा हात मी दुपट्ट्यानं बांधला. "आता तरी बोला, घोडीचं माप बरोबर हाय म्हनून," मी म्हटलं.

वेदनेनं त्यांचे दात वाजत होते. "एक सूत कमी."

तो हात नीट जुळला नाही. नंतर ते कुणालाच मारू शकले नाहीत, जेवणाचा घासही त्यांची बायको भरवायची. तरी लग्नाला यायचे, माझ्या मागे बसायचे आणि कपाळ पाठीला टेकवून ठेवायचे. ठोका द्यायचा जोर राहिला नव्हता, नुसती ऊब लागायची. दर वेळी गाडीत तेच वाक्य आणि दर वेळी माझं तेच उत्तर. तीन वर्षं आम्ही त्या एका सुतावर भांडलो. मला माप बदलून बघता आलं असतं. मी बदललं नाही.

तिसऱ्या वर्षी थंडीत ते गेले. बुद्धवंदना झाली. बारा जण युनिफॉर्म घालून उभे होते. सुखदेव रडत होता, मी नाही. त्यांच्या बायकोनं गिटार माझ्या हातात दिली. "ते म्हनत होते, आऱ्यावाल्याले द्या. अडेल हाय, पन सोडत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धावड्याचा तुकडा काढला. जुनी घोडी समोर ठेवली, मोजली आणि नवी एक सूत उंच केली. तारा चढवल्या. अंगणात खुर्ची टाकली, भिंतीपासून लांब, पाठ मोकळी ठेवून बसलो आणि वासा ठोकला.