ओढायचा कटर, ढकलायचा कटर

वेसाव्याच्या कोळीवाड्यात कमळच्या तोंडी लागायची कोणाची टाप नव्हती. मासळीबाजारात जन्म गेला बाईचा. गिऱ्हाइकाने सुरमईकडे बघून नाक मुरडलं, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार फुकटात व्हायचा. पण हीच कमळ फ्रेमवाल्याच्या दुकानात नव्या नवरीसारखी गप्प उभी राहिली. बोलली तेव्हा एवढंच बोलली, "कापायचं नाय."

फ्रेमवाला बिचारा काही वाईट माणूस नव्हता. त्याच्यापुढे एक चित्र होतं. कमळच्या नवऱ्याने, लहूने, नातीच्या स्केचपेनांनी काढलेलं. छातीचं दुखणं लागल्यावर डॉक्टरांनी लहूचा समुद्र बंद केला, तेव्हापासून तो ओट्यावर बसून बोटी काढायचा. ही त्यातली सगळ्यात मोठी, झेंडे लावून किनाऱ्याकडे येणारी.

"मावशी, उजवीकडची बोटभर पट्टी उडवतो," फ्रेमवाला म्हणाला, "तयार फ्रेममध्ये झकास बसेल. तिथे नुसती वाळू तर आहे."

नुसती वाळू म्हणे! त्या वाळूत, अगदी कागदाच्या कडेला, हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी होती. नखाएवढी. पायाशी रिकामी टोपली. लहू गेल्यावर चित्र ट्रंकेत ठेवताना कमळने चष्मा पुसून पाहिलं, तेव्हा कुठे ती तिला दिसली. अख्ख्या संसारात लहूने गोड शब्द म्हणून काढला नव्हता. कालवण आवडलं तर पुन्हा वाढून घ्यायचा, तीच त्याची तारीफ. आणि मेल्याने जाता जाता हे करून ठेवलं! आता हे दुकानदाराला कसं सांगायचं? बाजारात शिव्या देणं सोपं असतं हो, असलं काही बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. तिने चित्र गुंडाळलं आणि सरळ घर गाठलं.

"मीच करन घरी," तिने सुनेला जाहीर केलं.

सून कल्पिता अंधेरीला ऑफिसात कामाला, आणि जिभेने सासूची सख्खी वारस. वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं, घरात शंभर कामं, आणि सासूबाईंना हे खूळ सुचलेलं. तरी तिने मोबाइल उघडला. फ्रेम काय, हव्या त्या मापाची करून मिळते. अडचण होती माउंटची, म्हणजे काचेच्या आत चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट असते ना, तिची. तिची मधली खिडकी, चित्र दिसायची जागा, तिरक्या धारेने कापावी लागते, आणि त्यासाठी कटरही खास लागतो.

"आई, हा बघा, पट्टीला लावून आपल्याकडे ओढायचा. हा पुढे ढकलायचा. कुठला मागवू?"

"कापणं ते कापणं! मला काय सुरी शिकवतेस गो?" कमळ म्हणाली.

म्हणून मग ओढायचा आला, कारण तो यादीत पहिला होता. आणि वाट लागली. पट्टीला लावून ओढला की पातं दर वेळी बाहेर पळायचं. पुठ्ठ्यामागून पुठ्ठा फुकट गेला. कमळ म्हणाली, कटरच भिकार आहे. नाचता येईना अंगण वाकडं, असं कल्पिता मनात म्हणाली आणि भाजी चिरायला आत गेली.

बाहेर येऊन बघते तर काय! सासू फरशीवर बैठक मारून बसलेली. कटर उलटा करून पाटाला दोरीने करकचून बांधलेला, पाट पायाखाली दाबलेला, आणि दोन्ही हातांनी पुठ्ठा पात्यावर पुढे रेटणं चाललेलं.

"आई! पापलेट हाय का ते?"

कमळने मान वर केली. दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या, की शेजारची चंपा खिडकीत आली. हसता हसता कल्पिताचं लक्ष पुठ्ठ्याकडे गेलं. रेघ थोडी वाकडी होती, पण हात कुठे अडखळला नव्हता. विळीवर जन्म गेलेला तो हात. त्याला जोर लावायचा तो पुढे, अंगापासून लांब. अंगणच वाकडं होतं तर!

शनिवारी ती सासूला घेऊन अंधेरीला चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात गेली. तिथे कमळने ढकलायचा कटर हातात घेतला, दुकानातल्या रद्दी पुठ्ठ्यावर पट्टीला लावून एकदा पुढे रेटला, आणि दुसरं काही बघितलंच नाही. "ह्यो माझ्या हातचा," म्हणाली.

घरी कल्पिताने माप घेऊन पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ मारली. "खिडकी चित्रापेक्षा जराशी लहान ठेवायची. चारी बाजूंनी थोडी कड दाबली की चित्र बसतं."

"कड दाबायची नाय."

"अहो आई, सगळे तसंच करतात! त्या कडेला हाय तरी काय एवढं?"

कमळने पुठ्ठ्यावरून हात फिरवला. मग तिने चित्रातल्या वाळूच्या कडेला बोट ठेवलं. "मी हाय."

कल्पिता वाकली. हिरवं लुगडं दिसलं, टोपली दिसली. तिचा नवरा परेश आता बापाची बोट चालवतो. चार दिवस झाले होते त्याला समुद्रावर जाऊन, वर्षश्राद्धाला परत येतो म्हणाला होता. मग तिने पेन्सिलीची रेघ खोडली आणि खिडकी चित्राहून मोठी आखली. चित्र मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचं, चारी कडा उघड्या. कमळने कटर टेकवला आणि एका दमात पुढे नेला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी लहूच्या फोटोशेजारी ते चित्र भिंतीवर लागलं. रीतीप्रमाणे कल्पिताने फोटोला हार घातला. दुसरा हार तिने चित्रासाठी आणला होता. तो घेऊन ती स्टुलावर चढली, तोच कमळने तिचा हात धरला.

"त्याला नको गो," ती म्हणाली. "फोटोतला गेला. ह्यो अजून यायचा हाय."

कल्पिताने हार खाली घेतला. खिडकीतून बोटी येतात त्या खाडीकडे एकदा बघितलं आणि मग पानं मांडायला आत गेली.