साळवेबाईंचं जर्नल

आज सकाळपासून दाट धुई आहे. कांद्याला वाईट, पण घरात बसून जुनं आठवायला बरी. कॉलेजात बॉटनीच्या लॅबमध्ये शिपाई होतो मी. काचेच्या नळ्या धुता धुता किस्से इतके साठले की कुठला आधी सांगू, असं होतं!

*

बॉटनी शिकवणाऱ्या आमच्या साळवेबाई एकदा घाईत म्हणाल्या, "बाबा, आज जर्नलला पाठवायचंय, कुणाला आत सोडू नका." मी चाट! आमच्याकडं जर्नल म्हणजे पोरांची प्रॅक्टिकलची वही. म्हटलं, "बाई, या वयात तुमची वही तपासतंय कोन?" बाई हसत हसत स्टुलावरच बसल्या. मग समजावलं, शास्त्रज्ञ आपला शोध ज्या मासिकाला पाठवतात, तेही जर्नलच.

*

शोध आमच्याच शिवारातला. खरिपात कांद्याची रोपं लावली की आठवड्यात माना टाकायची. शेजारच्या योसेफमामाच्या वाफ्यातली चार रोपं फडक्यात गुंडाळून मीच बाईंना नेऊन दिली. बाईंना नवीच बुरशी सापडली. दुकानातलं औषध तिला लागूच पडत नव्हतं! अन् रब्बीची लागवड दोन महिन्यांवर.

*

एक सर म्हणाले, "मोठ्या जर्नलात द्या, वर्षभरात छापून येईल."

बाई म्हणाल्या, "तोवर बुरशीला नातवंडं होतील!"

त्यांनी लवकर छापणारं शोधलं. तिथला लेख कुणीही फुकट वाचावा. मी जन्मभर चाव्या सांभाळलेला माणूस. विचारलं, "म्हंजी कुलूपच न्हाई?"

"नाही बाबा, सताड उघडं!"

मला लई बरं वाटलं.

*

तिथं दोन परीक्षक असतात, नाव न सांगता चुका काढणारे. एकानं विचारलं, रोपं नेमकी कुठली? बाईंनी मला बोलावलं. बांध, विहीर, कितवा वाफा, सगळं मी सांगितलं, बाईंनी टाईप केलं. तपासणीच्या पुढच्या फेरीत तिथलं एक अक्षर हललं नाही!

*

लागवडीच्या आठ दिवस आधी लेख आला. बाईंनी मला मोबाईलवर पाठवला, मी योसेफमामाला. तो तडक औषधाच्या दुकानात गेला. संध्याकाळी ओट्यावर भेटला तेव्हा विचारलं, "मामा, समदं इंग्रजी. तुला काय कळलं?"

"आरं, मला कशाला कळाया पायजे? दुकानदाराला उघडून दिलं. त्यानं वाचलं, अन् हातातली बाटली गपचिप माघारी ठिवली!"