ब्रह्मी आणि बंद गाड्या

कुठल्याही बंद गाडीला गॅस कटर लावण्याआधी ब्रह्मी तिच्या पत्र्यावर तीनदा ठोकायचा, कान लावायचा आणि थांबायचा. आतून काही आवाज नाही, याची खात्री पटली की मगच ज्योत पेटवायचा. कुवेतमधल्या अम्गऱ्यात माझं भंगाराचं यार्ड होतं. इराकी सैन्य गेल्यावर वाळूत मोडून पडलेल्या गाड्या उचलून मी धंदा उभा केला. कुणाचा हात डोक्यावर नव्हता. गिऱ्हाईक उन्हात ताटकळतंय आणि हा पत्र्याला कान लावून उभा, हे बघून माझं डोकं फिरायचं. "आत काय तुझा सासरा बसलाय?" मी ओरडायचो. तो ओठांवर बोट ठेवायचा. मला, मालकाला!

त्याचं खरं नाव यार्डात कुणालाच धड घेता यायचं नाही. रंगूनचा, म्हणून ब्रह्मी. आजा बिहारमधून तिकडे गेलेला, त्यामुळे मोडकीतोडकी हिंदी बोलायचा. माझ्या बायकोनं एकदा विचारलं, "आई आहे का रे?" तो म्हणाला, "माहीत नाही, भाभी. पत्र टाकलं तर पोस्टमनच्या आधी शिपाई पोचतील तिच्याकडे." इतकी वर्षं त्यानं चौकशीसुद्धा केली नव्हती. मला तो माणूस दगडाच्या काळजाचा वाटला.

एकदा वाळूतून उपसलेली लष्करी रुग्णवाहिका आली. ब्रह्मीनं ठोकलं. आतून तीन ठोके आले. अगदी सावकाश. मी दोन हात अंतरावर उभा होतो; भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. पहारीनं दार उचकटलं. आत फक्त वाळू, आणि एक स्ट्रेचर. "पत्रा तापला की वाजतो," मी म्हणालो. ब्रह्मीनं ती गाडी त्या दिवशी कापली नाही, आणि पत्रा घ्यायला आलेला माझा इराणी व्यापारी निघून गेला. त्याचा राग मी कित्येक महिने ब्रह्मीवर काढत होतो.

त्या रागातच एकदा मी खडसावून विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं. रंगूनमध्ये त्यांच्या मोर्च्यातल्या पोरांना लष्करी राजवटीनं बंद व्हॅनमध्ये कोंबलं होतं. त्यात त्याचा धाकटा भाऊ. व्हॅन उन्हात उभी. "आतून ठोकत होते, शेठ. आम्ही रस्त्यापलीकडे, मध्ये बंदुका. मग ठोकणं थांबलं." त्यानंतर मी त्याला घाई केली नाही.

दर शुक्रवारी यार्डाच्या मागच्या एका इंजीन काढलेल्या बसमध्ये त्याचे चार-पाच देशबंधू जमायचे. लोकशाहीची सभा! आधी अध्यक्ष निवडायचा, हात वर करून. मग भांडण. हरलेला टाळ्या वाजवायचा. "माणसं पाच आणि पक्ष तीन," मी चिडवायचो. ब्रह्मी हसायचा. "सवय राहावी म्हणून, शेठ. तिकडे आम्ही मत दिलं, जिंकलोसुद्धा. निकाल लष्करानं खिशात घातला."

इराकचं दुसरं युद्ध झालं त्या सुमारास त्याचा पासपोर्ट संपत आला. पासपोर्ट नाही तर इकामा नाही, इकामा नाही तर कुवेतमध्ये राहणं नाही. त्यांच्या सरकारचा पासपोर्टचा साहेब सलव्यातल्या एका फ्लॅटमध्ये बसायचा. मी म्हटलं, मी येतो, सौदा माझ्यावर सोड.

फ्लॅटचे पडदे ओढलेले होते. साहेब किडकिडीत, मऊ आवाजाचा, हिंदी छान बोलणारा. त्यानं चहा दिला. म्हणाला, शुक्रवारी बसमध्ये कोण कोण येतं, तेवढं सांगायचं. पासपोर्ट आजच मिळेल. बस कुठे आहे, हे आम्ही सांगितलंच नव्हतं. मी दुप्पट फी देऊ केली, तिप्पट केली. तो माझ्याकडे बघेना. ब्रह्मीला म्हणाला, "तुमच्या आईनं दार हिरवं रंगवलं. स्वतः रंगवलं, या वयात. छान दिसतं."

मला वाटलं, माणूस गोड बोलतोय. ब्रह्मीनं कप खाली ठेवला. तो उठला, त्यानं साहेबाला वाकून नमस्कार केला आणि चालू लागला.

जिन्यात तो मटकन बसला. हसत होता की रडत होता, कळेना. "आई जिवंत आहे, शेठ! दार रंगवते!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या साहेबानं धमकी दिली होती आणि भाव ठरायच्या आधीच माल हातात ठेवला होता.

मग मी माझे भाव काढले. कफीलला, तुझ्या जामीनदार अरबाला, सांगतो, यार्डातच लपून राहा, पगार वाढवतो, खोली देतो. कशालाच तो हो म्हणेना. त्या साहेबाला नावंही सांगितली नाहीत. पासपोर्टच्या उरलेल्या मुदतीत त्यानं रंगूनचं तिकीट काढलं. आयुष्यात मी इतका कुणापुढे हरलो नाही, आणि ते अजून मला सलतं.

विमानतळावर मी चारचौघांत ओरडलो, "अरे गाढवा, उतरल्या उतरल्या पकडतील तुला!"

"पकडतील," तो शांतपणे म्हणाला. "पण आमच्याकडे पकडलेल्याला आधी घरी नेतात, शेठ. झडती घ्यायला. तेवढा वेळ पुरे."