लूम थांबले तेव्हा

काल ड्युटीवरून आले आणि पंख्याच्या घरघरीत बसल्या जागीच डोळा लागला. लाईट गेली, पंखा थांबला, तशी मी दचकून उठले. "बेल्ट का बंद पडला?" समोर बुद्धिबळाचा पट मांडून बसलेली माझी लेक हसायला लागली. मी काम करते त्या पूर्णा गावच्या गोदामातला, खोके वाहणारा बेल्ट घरी कुठला असणार!

मला भिवंडीतला तो हॉल आठवला. शाळकरी मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेतली शेवटची फेरी. भिंतीपलीकडे कापड विणणारे लूम खडखडत होते, हवेत त्यांच्या तेलाचा वास होता. लूमवर रात्रपाळी करून परस्पर आलेले बाबा मागच्या खुर्चीवर गाढ झोपले होते, केसांत कापूस तसाच. मी डाव जिंकत आले होते. एवढ्यात लाईट गेली, लूम थांबले, आणि त्या शांततेत बाबा ताडकन उठले. "काय झाला? धागा तुटला काय?"

सगळा हॉल हसला. मला शरमेनं पट नीट दिसेना. घाईत मी भलताच घोडा उचलला. उचलला की चालायचाच, असा नियम. घोडा हलला आणि मागचा वजीर उघडा पडला.

समोरची शबाना मात्र हसली नव्हती. "मेरे अब्बू भी ऐसेच उठते हैं," ती हळूच म्हणाली, आणि तिनं माझा वजीर उचलला.

बाबांचा तेव्हा फार राग आला होता.

काल लेक म्हणाली, "झोप गं आई, लाईट गेलीय नुसती." अंग मोडून आलं होतं, पण झोप काही येईना. घरात कसलाच आवाज नव्हता.